भोंगा होणे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज तो शब्द माझ्या घरात शिरला. माझ्या स्वयंपाकघरात!

चिमणी फोनवर मैत्रिणीला सांगत होती — "अगं, गिऱ्हाईक म्हणून आली, मी तिला काकू म्हटलं, आणि ती माझ्याच वर्गातली निघाली! माझा असा भोंगा झाला म्हणून सांगू!" आणि वर खी खी खी. मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं असं आपटलं की त्याला पोचा आला. चिमणी फोनवर हात ठेवून म्हणाली, "आई, काय झालं?" काही नाही झालं. पातेलं निसटलं.

हे पेपर वाचत बसले होते. शब्द कानावर पडला तसे उठले आणि गच्चीवर कपडे काढायला गेले. कपडे ओलेच होते. ओलेच घेऊन खाली आले. ह्यांना काय, कशाचंच काही नसतं.

बावीस वर्षं मी तो शब्द स्टँडच्या फाटकात सोडून घरी येते. मुलीला कधी स्टँडवर नेलं नाही, माझ्या घोषणांच्या खोलीत तर कधीच नाही. आणि पोरीने तो आणला कुठून, तर ती कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानातून! कोणी शिकवला, विचारलं. "कोणी म्हणजे? सगळेच म्हणतात."

सगळेच!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डोकं भणभणतंय. आज घोषणांच्या मधल्या वेळात खोलीचं दार उघडं टाकलं, म्हणजे जिन्याखाली चहा पिणाऱ्यांचं बोलणं वर येतं. म्हटलं, होऊन जाऊ दे, ऐकूच एकदा.

नव्या कंडक्टरने एका म्हाताऱ्याला उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं — भोंगा झाला. कंट्रोलरची पँट खुर्चीच्या खिळ्याला अडकून फाटली — भोंगा झाला. कँटीनवाला साहेबांची नक्कल करत होता आणि साहेब मागेच उभे, तर त्याचा म्हणे डबल भोंगा झाला! आता डबलही निघालाय. उद्या हप्त्याने मिळेल.

अर्थ काय ते मला विचारा. लाजणं वेगळं. लाजणाऱ्या माणसाला आतून बरंच वाटत असतं. ओशाळतो तेव्हा चूक आपली असते आणि ती आपल्याला पटलेली असते. वरमला म्हणजे आधी आवाज चढवला होता, आता खाली आलाय. कानकोंडं होतं ते परक्या घरी, जिथे बसवत नाही आणि उठवतही नाही. भोंगा यातलं काहीच नाही. जे चार भिंतींत राहायचं ते चारचौघांत गेलं आणि चारचौघांना मजा आली, म्हणजे भोंगा. मजा आली पाहिजे. ती आली नाही तर भोंगा होत नाही.

दुपारी एक पोरगी धापा टाकत जिना चढून आली. विद्यापीठातली. गावातले बोलण्यातले शब्द गोळा करते, त्याचं पुस्तक करणार आहे, शिवाय रविवारच्या पुरवणीत सदर. मी मनात तिचं नाव शब्दवाली ठेवलं. "मॅडम, 'भोंगा होणे' इथूनच निघालं असं म्हणतात. खाली विचारलं तर सगळ्यांनी अंगठा वर केला." वर म्हणजे इथे. माझ्याकडे!

मला खूश करायला मग तिने 'खजील'ची गोष्ट सांगितली. तो शब्द किती दुरून आलाय — अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडे. "कुठल्या गाडीने?" मी विचारलं. ती हसली. मी हसले नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही म्हटलं, खाणीची गाडी लागतेय, मला बोलायचंय, जा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गेली नाही. दिवसभर हातात ते रेकॉर्ड करायचं यंत्र घेऊन खाली फिरत होती, आणि खाली काय, तोंडाला ऊत आलेला! एरवी गाडी कधी सुटणार विचारलं तर ज्यांना बोलायला वेळ नसतो ते तिला खुर्ची पुसून देत होते.

कंट्रोलरची गोष्ट सगळ्यांत रंगलेली. तो इथे बदलून आला तोवर सगळं जुनं झालं होतं, पण सांगतो असा की जणू माझ्या खुर्चीखाली बसला होता. नवीन लग्न झालेली घोषणावाली. नवरा ड्रायव्हर. माईक बंद करायला विसरली आणि नवऱ्याशी बोललेलं सगळ्या स्टँडवरच्या भोंग्यांतून गेलं — "अहो, आज लवकर या ना, करमत नाही!" आणि मग हा एक डोळा मिचकावतो. मेला.

कँटीनवाल्याच्या गोष्टीत मी मॅनेजरला टोणगा म्हटलंय. ती निदान बरी. मॅनेजर होताच तसा.

संध्याकाळी शब्दवाली पुन्हा वर. "कंट्रोलरसाहेबांची गोष्ट गोड आहे." गोड! "पुढच्या आठवड्याच्या शेवटी मजकूर द्यायचाय. तुम्ही दुसरं काही सांगितलं नाहीत तर हीच देते. नाव घालणार नाही."

नाव घालणार नाही म्हणे! अख्ख्या गावात घोषणा करणारी बाई एकच आहे. आंधळा माणूसही रस्त्यात माझ्या आवाजावरून मला ओळखतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जे कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. कागदाला कान नाहीत, हेच त्याचं बरं आहे.

तेव्हाचा माईक आजच्यासारखा नव्हता. आजचा दाबून धरावा लागतो, बोट काढलं की बंद. तेव्हाचं बटण वर सरकवलं की चालू, खाली सरकवलं की बंद, आणि विसरलं की चालूच. माझ्या खिडकीवर त्या वर्षी साबणाच्या जाहिरातीचा भला मोठा बोर्ड टांगला होता. मला फक्त पहिले दोन फलाट दिसायचे. बाकी सगळा स्टँड म्हणजे नुसता कालवा.

खाणीच्या गाडीची घोषणा केली. मग ऑफिसचा फोन उचलून दादाला लावला, माझ्या थोरल्या भावाला. डाव्या हाताने लावला, कारण उजवा सुजला होता. म्हटलं — दादा, मला घेऊन जा. हे मला मारतात. काल हात पिरगळला. पोटात पोर आहे रे माझ्या, मला भीती वाटते. मला इथून घेऊन जा.

एवढंच बोलले. यात कुठे आहे "करमत नाही"?

दादा म्हणाला, "घरात पाहुणे बसलेत. नंतर बोलू." त्याचं बोलणं भोंग्यावर गेलं नाही, माझंच गेलं. ते 'नंतर' अजून यायचंय. दर वर्षी येतो, चिमणीला कपडे आणतो, मामा मामा म्हणून ती त्याच्या गळ्यात पडते. असो.

फोन ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. मग लक्षात आलं की खाली सगळं गप्प आहे. स्टँड कधी गप्प नसतो. आणि मग एकदम हशा! असा हशा की खिडकीची काच थरथरली. शिट्ट्या. मी माईककडे बघितलं, तर लाल दिवा चालू.

एक बाई म्हणते मला मारतात, आणि तुम्ही हसता? शिट्ट्या फुंकता? आणि एवढ्यावर पोट भरत नाही म्हणून त्याचा शब्द करता? पोराबाळांना वाटता?

मी बटण खाली केलं. पुन्हा वर केलं. वेळ झाली होती. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चार नंबरच्या फलाटावरून बंदराकडे जाणारी गाडी सुटत आहे." आवाज नेहमीचाच लागला, जरासुद्धा कापला नाही. त्यावर तर टाळ्या पडल्या! बंदराची गाडी ह्यांची होती. नाही, आज 'हे' लिहवत नाही. त्याची होती. तो खाली होता, त्याने ऐकलं होतं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आपलं काय होणार, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी काही झालं नाही. आला, हातपाय धुतले, स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. त्यानंतर आजतागायत हात उगारलेला नाही. दारूही सुटली. मला वाटलं, चला, लोकांच्या तोंडाला तरी भ्याला. भित्रा कुठला.

त्या दिवशी जिना चढून वर कोणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कधी कोणाला विचारलं नाही आणि मला कधी कोणी विचारलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कंट्रोलर आज जिन्याखाली "करमत नाही, करमत नाही" गुणगुणत होता. त्याच्या नव्या बुटांवर वरून चहा सांडला. माझ्या हातून. मुद्दाम.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चिमणीला सांगायचं ठरवलं होतं. काहीतरी छापून येणार, मग गावभर चर्चा, मग तिला दुकानात कोणीतरी सांगणार. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. ती नखं रंगवत बसली होती. म्हटलं, "चिमणे, तुझ्या बाबांबद्दल एक सांगायचंय."

"आता काय केलं त्यांनी?"

"आता नाही गं —"

"आई, एक खरं सांगू? रागावू नकोस. बाबांनी पाण्याचा ग्लास जरा जोरात ठेवला तरी तू त्यांच्याकडे कशी बघतेस! ते घरात आले की तुझा आवाज चढलाच. किती सहन करतात ते तुझं! दुसरा कोणी असता ना, तर —"

दुसरा कोणी असता तर काय? काय केलं असतं दुसऱ्याने? सांग ना! हात पिरगळला असता?

यातलं काही तोंडातून निघालं नाही. दिवसभर हजार माणसांना ऐकू जाईल असं बोलते मी, आणि एका पोरीसमोर तोंडाला कुलूप. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. नखं सांभाळ, रंग चादरीला लागेल, एवढं म्हटलं.

हे आतल्या खोलीत तिच्याच ड्रेसला इस्त्री करत होते. शब्दन् शब्द ऐकला असणार. पण नाही, मूग गिळून गप्प! शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस बाई, नवरा इस्त्री करतो, भांडी विसळतो. हो ना. फार नशीब काढलं.

खरं सांगितलं तर पोरीचा बाप जातो. नाही सांगितलं तर मी मरेपर्यंत आणि मेल्यावरही "करमत नाही"वाली बाई, ती पण पुस्तकात. त्याने तिला सायकल शिकवली, गणितं शिकवली, कांजिण्या आल्या तेव्हा तिच्या उशाशी बसून राहिला. ते खोटं नाही. माझा सुजलेला हात पण खोटा नव्हता. मी काय करू?

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. कोणाशी बोलले नाही. ह्यांनी दोनदा चहा विचारला, दोनदा नको म्हटलं. मग एकट्याचा केला आणि माझा कप पण भरून ठेवला. गार झाला. ओतून दिला.

सोमवार, १० फेब्रुवारी

शब्दवालीला बोलावून घेतलं. दार लावलं. म्हटलं, चालू कर तुझं ते यंत्र.

सगळं सांगितलं. हात, फोन, दादा, हशा, टाळ्या. सांगताना आवाज घोषणेसारखाच लागत होता, त्याचाच मला राग येत होता. संपल्यावर म्हटलं, "हे छाप. आणि खाली लिही की तुम्ही ज्याला भोंगा म्हणून खिदळता ते हे आहे. लाजा वाटू देत सगळ्यांना."

पोरीने यंत्र बंद केलं. मग म्हणाली, "मावशी —" (आजवर मॅडम होते) "मावशी, रागावू नका, पण एक जुळत नाही. नवी माणसं गोष्ट तुमच्यापासून सुरू करतात. जुने ड्रायव्हर तशी करत नाहीत. ते एका ड्रायव्हरपासून सुरू करतात, मग एकमेकांकडे बघतात आणि गप्प होतात. त्या वस्तादांकडे पण गेले होते मी, ज्यांनी इथल्या सगळ्यांना गाडी शिकवली. ते म्हणाले, तिलाच विचारा, आम्हाला सांगायला तोंड नाही."

तोंड नाही? शिट्ट्या मारायला होतं! उद्या जातेच. बघते कसं नाही तोंड.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वस्ताद आता मुलाच्या बॅटरीच्या दुकानात खुर्ची टाकून बसलेला असतो. मला बघून उठायला गेला, गुडघ्यांनी ऐकलं नाही. मी बसले नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, मुलगा होता, तरी माझा आवाज काही खाली राहिला नाही. "हसलात ना तुम्ही? सगळ्यांत मोठी शिट्टी तुमची होती, ओळखते मी ती! एका बाईने मदत मागितली आणि तुम्ही तिला हसलात!"

"हसलो," म्हणाला. "पण पोरी, तुला कोण हसलं?"

त्याने मुलाला आणि गिऱ्हाइकाला बाहेर काढलं. मग जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते.

तुझा आवाज आला आणि स्टँड थिजला. तुझा नवरा चार नंबरला गाडीच्या आरशात बघून भांग पाडत होता. कंगवा तसाच केसांत राहिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो पटकन गाडीत चढला आणि स्टेअरिंगमागे वाकून बसला, किल्ली पडलीय असं दाखवत. किल्ली लावलेलीच होती! गाडी भरलेली, माणसं उभी होती. पुढच्या सीटवरची एक बाई उठली. पिशवी घेतली. म्हणाली, "ह्याच्या गाडीत मी बसत नाही." उतरली. तिच्यामागून दुसरी. मग पोरं कडेवर घेऊन, बोचकी डोक्यावर घेऊन बायकांची रांगच लागली. मग पुरुषही उतरले. कंडक्टर म्हणतोय अहो तिकीट काढलंय, अहो पुढची गाडी दुपारनंतर आहे. कोण ऐकतंय! शेवटी कंडक्टरही खाली उतरून उभा राहिला. तुझा नवरा तिथे तसाच वाकलेला. तेव्हा हशा फुटला.

"आणि त्यावर तू वरून बोललीस — बंदराकडे जाणारी गाडी सुटत आहे! अशी ऐटीत! टाळ्या पडल्या पोरी. आम्हाला वाटलं तू सगळं बघतेयस आणि मुद्दाम बोललीस. त्याला न्यावीच लागली गाडी. त्या दिवसापासून आम्ही म्हणायला लागलो, ह्याचा भोंगा झाला. त्याच्या तोंडावर म्हणायचो. दारू पिऊन आला तर म्हणायचो. मग शब्द सुटला, कोणाच्याही बाबतीत वापरायला लागले."

"मला दिसत नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या खिडकीवर साबणाचा बोर्ड होता."

"तो आतून आडवा येतो हे आम्हाला काय माहीत?"

मग मी विचारलं ते विचारायलाच हवं होतं. वर का नाही आलात? एक माणूस? त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी?

तो बॅटऱ्यांकडे बघत राहिला. म्हणाला, "तुझ्या हातावरचे वळ आम्ही त्याच्या आधीच बघितले होते. चहाचा कप घेताना बाही वर जायची तुझी. सगळ्यांनी बघितले होते. घरचा मामला म्हणून गप्प बसलो. मग वर येऊन काय तोंड दाखवणार होतो?"

त्याने मुलाला चहा सांगितला होता. थांबले नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज तीन घोषणा चुकल्या. तीनही वेळा क्षमा मागितली. खालून कोणीतरी ओरडलं — भोंगा! मी ऐकून घेतलं.

बावीस वर्षं चिडले ती बरोबर माणसांवर, पण कारण भलतंच! हसले म्हणून चिडले. चिडायचं होतं ते आधी गप्प बसले म्हणून. वळ बघत चहा पीत होते म्हणून. आता तो राग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा म्हणजे आणखी किती आयुष्य लागेल!

आणि त्या बायका. तिकीट काढलेल्या, जागा मिळालेल्या, उन्हात पुढच्या गाडीसाठी ताटकळलेल्या. त्यांतल्या एकीचंही तोंड मला माहीत नाही. रोज घसा फोडून सांगते, प्रवाशांनी लक्ष द्यावे. त्या दिवशी त्यांनी दिलं होतं. मला पत्ताच नाही! रडले. खोलीचं दार लावून, माईक बंद आहे ना ते तीनदा बघून, पोटभर रडले.

पण सगळ्यांत जास्त आग होतेय ती वेगळ्याच गोष्टीची. ह्यांना माहीत होतं. शब्द कोणाचा आहे ते ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी तो माझा समजून मान खाली घालून त्या फाटकातून ये-जा केली, लोकांची नजर चुकवली, मुलीला स्टँड दाखवला नाही. ह्यांना ते रोज दिसत होतं. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं — तुझा नाही गं तो, माझा आहे. आपली लाज बायकोच्या अंगावर टाकून हा माणूस निवांत इस्त्री करत बसला! मारलं ते एक. हे दुसरं. हे मोठं आहे का ते मोठं, मला ठरवता येत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जेवायला बसलो तेव्हा विचारलं. चिमणी समोर होती. मुद्दाम विचारलं. तिला काहीतरी निमित्त काढून आत पाठवता आलं असतं. पाठवलं नाही.

"त्या दिवशी बंदराची गाडी रिकामी गेली होती ना?"

ह्यांचा हात ताटातच थांबला. कोणता दिवस, असं विचारलं नाही. कोणी सांगितलं, असंही नाही.

"अगदी रिकामी नाही," म्हणाले. "मागच्या सीटवर एक म्हातारी होती. तिला ऐकू येत नव्हतं." मग जरा वेळाने — "बंदर येईपर्यंत बाळा बाळा करत माझ्याशी बोलत होती. तिच्या मुलाबद्दल. उतरताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला."

चिमणी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे. "कसली गाडी? रिकामी का?"

मी तोंड उघडलं होतं. हे म्हणाले, "थांब. मी सांगतो."

आणि सांगितलं. काही गाळलं नाही. हात कसा पिरगळला, कशावरून (आमटीत मीठ नव्हतं म्हणून, मी तर ते विसरलेही होते). ती पोटात होती तेही. माईक, बायका, कंगवा. खाली बघून सांगितलं, पण सांगितलं. "तू फोनवर म्हणतेस ना तो शब्द, भोंगा झाला — तो माझा आहे. तुझ्या आईला वाटतं तिचा. मी तिला तसंच वाटू दिलं."

मला जे ऐकायचं होतं ते ऐकलं. गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी म्हटलं, "आज सांगताय? आज?" आणि ताट उचलून मोरीत नेलं. माफ केलेलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच शंका नको.

चिमणी अर्धं जेवण टाकून उठली. तिच्या खोलीचं दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं हळू लावलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शब्दवालीला सांगितलं, सोमवारचं माझं बोलणं राहू दे, पण गोष्ट त्या बायकांपासून सुरू कर. पुढच्या सीटवरची बाई उठली, तिथून. माझं नंतर. ती म्हणाली, "मावशी, अर्थ काय लिहू?" म्हटलं, एवढं शिकलीस, तू शोध. माझी गाडी लागलीय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चिमणीला रोज हे स्कूटरवरून दुकानात सोडतात. आज खाली स्कूटर चालू करून, तिचं हेल्मेट हातात धरून उभे होते. ती जिना उतरली, त्यांच्या शेजारून गेली. थांबली नाही. कोपऱ्यापर्यंत चालत गेली, वळली, दिसेनाशी झाली.

हे तसेच उभे. हेल्मेट हातात, स्कूटर चालूच. मी वरून गॅलरीतून बघत होते. आज मधे काही आडवं नव्हतं, सगळं दिसलं. मला हसू आलं नाही. अहो, बंद करा ती, वर या — एवढंच ओरडायचं होतं. आवाज फुटला नाही.